ओल्या कपड्यांचा हिशेब

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ झालें, आणि त्याचें कारण ओले कपडे. "कपडे वाळत घालणें हा काय लेखाचा विषय झाला?" असें म्हणून कांहीं वाचक पान उलटतील, हें मी जाणून आहें. त्यांना विनंति इतकीच कीं, त्यांनीं घरांतील विजेचें गेल्या महिन्याचें बिल जवळ घेऊन बसावें आणि मग हव्या तर पुढच्या पानावर जावें.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. नव्वदीला पोंचलेल्या मातोश्री, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडें. पुण्याच्या पेठेंतील आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तेव्हां चौक गेला, परस गेलें, आणि त्यांच्याबरोबर कपड्यांचें ऊनही गेलें. हातीं राहिल्या दोन अरुंद गॅलऱ्या आणि सामाईक गच्चीवरील दोन दोऱ्या. पावसाळ्यांत गच्चीचा उपयोग शून्य. मग दिवाणखान्यांतील खुर्च्यांच्या पाठीवर शाळेचे गणवेष, पलंगाच्या काठावर टॉवेल, आणि घरभर तो ओला, कुबट वास. अशा एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर धाकट्या सूनबाईंनीं विषय काढला. "बाबा, कपडे वाळवण्याचें विजेचें यंत्र घ्यावें असें आम्हां दोघींच्या मनांत आहे."

मी पस्तीस वर्षें मास्तरकी केलेला मनुष्य. समोर ऐकणारे चार जण दिसले कीं मला राहवत नाहीं. सूर्यनारायण जें काम फुकट करतो त्यासाठीं वीज जाळणें म्हणजे कसा अविचार आहे, यावर मीं चांगलें पाऊण घटका प्रवचन केलें. वाती वळीत बसलेली माझी पत्नी तोंपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "अहो, व्याख्यान छान झालें. पण या घरांत चाळीस वर्षें ओले कपडे कोणीं वाळत घातले, तेंही एकदां मुलांना सांगा ना."

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दोन वर्षांपासून तिचा उजवा खांदा दुखतो; हात कानाच्या वर जात नाहीं. डॉक्टरांनीं हात उंच करूं नका म्हणून बजावलें होतें. तें मला ठाऊक होतें. परंतु त्या खांद्याचा आणि आमच्या दोरीचा कांहीं संबंध असेल, हें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. दोरीची काटकसर मी सांगत होतों आणि तिची किंमत ती देत होती.

तेव्हां आधीं हिशेब करावा आणि मग बोलावें, असें मीं ठरविलें. मी संस्कृत शिकविणारा. पदार्थविज्ञान माझा प्रांत नव्हे. पण शाळेंत शिक्षकांच्या खोलींत माझ्या शेजारीं बसणारे शास्त्राचे एक शिक्षक अजून मला भेटतात. त्यांनीं सांगितलेली गोष्ट अशी. कपडा वाळतो म्हणजे त्यांतल्या पाण्याची वाफ होऊन ती हवेंत जाते. या रूपांतराला उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक लिटर पाणी उडून जाण्यास जी उष्णता लागते, ती विजेच्या मापानें सुमारें दोनतृतीयांश युनिट होते. दोरीवरच्या धोतरालाही तितकीच लागते. फक्त ती ऊन आणि वारा पुरवितात आणि बिल पाठवीत नाहींत.

प्रवासाचें सामान तोलण्याचा काटा घेऊन मीं आमचे एका दिवसाचे कपडे तोलले. कोरडे पांच किलो. धुऊन पिळून काढल्यावर आठ. म्हणजे तीन लिटर पाणी उडवायचें, आणि त्यासाठीं कमींत कमी दोन युनिटें. यंत्र तापतें, गरम हवा बाहेर फेकतें, त्यांत उष्णता फुकट जाते. म्हणून साध्या यंत्राला प्रत्यक्षांत तीन युनिटें धरावीं. दिवसाला एक खेप या हिशेबानें महिन्याचीं नव्वद.

येथें एक गैरसमज दूर करतों. धुण्याच्या यंत्रांत कपडे गरगर फिरवून पाणी काढणारा जो भाग असतो, त्याला आपल्या घरोघरीं 'ड्रायर' म्हणतात. तो वाळवीत नाहीं, पिळतो. आणि हें पिळणें फारच स्वस्त आहे. तीनशें वॅटची मोटर पांच मिनिटें फिरली, तर युनिटाचा चाळिसावा भाग खर्च होतो. तेवढ्यांत जर आणखी पावशेर पाणी निघालें, तर तेंच उष्णतेनें उडविण्याच्या मानानें कितीतरी पट वीज वांचली. पावसाळ्यांत जाड कपडे दोनदां फिरवून घ्यावे, हा धडा मला या हिशेबांतून मिळाला.

माझ्या लहानपणीं वाड्यांत पावसाळ्यांतल्या बाळंतिणीच्या खोलींत पेटत्या कोळशाच्या शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर दुपटीं आणि लंगोट वाळवीत. डोळे चुरचुरत, पण कोळसा किती जळला तें सर्वांना दिसे. आतां शेगडी दिसत नाहीं इतकेंच. आपल्या राज्यांत चंद्रपूरचें २९२० मेगावॅटचें केंद्र कोळशावर चालतें, आणि अशा केंद्रांत एका युनिटामागें सुमारें दोनतृतीयांश किलो कोळसा लागतो. तीन युनिटांची एक खेप म्हणजे दोन किलो कोळसा. आमच्या आजीनें दुपट्यांसाठीं दोन किलो कोळसा खचित जाळूं दिला नसता.

आजीवरून सोवळ्याची दांडी आठवली. आढ्याजवळ आडवी टांगलेली दांडी, आणि काठीच्या टोंकानें तिच्यावर पसरलेलें लुगडें. कोणाचा हात लागूं नये म्हणून तें इतकें उंच. गरम हवा वर चढते, त्यामुळें तेथें कपडा लवकर वाळे हें खरें. मात्र आमच्या पूर्वजांना उष्णतेचें शास्त्र ठाऊक होतें असा दावा मी करणार नाहीं. असले दावे ऐकून माझे कान किटले आहेत. त्यांना विटाळ टाळायचा होता. वाळणें हा आनुषंगिक लाभ.

आतां बिलाकडे वळतों. आपल्या राज्यांत घरगुती वीज टप्प्याटप्प्यानें महाग होत जाते: पहिल्या १०० युनिटांपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, आणि त्यापुढें चौथा. आमचा मासिक वापर ३४० च्या आसपास. अकरा माणसांत वांटला तर माणशीं एकतीस. शेजारच्या तिघांच्या बिऱ्हाडांत १५० युनिटें लागतात, म्हणजे माणशीं पन्नास; तरी ते दुसऱ्या टप्प्यांत आणि आम्ही तिसऱ्यांत. एकत्र कुटुंबाला एकत्र राहण्याचा हा दंड आहे असें माझें स्पष्ट मत आहे. परंतु त्यामुळेंच अशा घरांत वांचविलेलें युनिट हें नेहमीं सर्वांत महाग दराचें असतें, आणि वाढविलेलेंही.

मग घरांत वीज जाते तरी कोठें? मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटामागें तो किती वेळां लुकलुकेल तो आंकडा मीटरवरच छापलेला असतो. घरांतील सर्व बंद करून एकेक उपकरण लावावें आणि घड्याळ घेऊन मोजावें. थोरल्या नातवाला या कामीं घेतलें. त्याला हा खेळ वाटला. दिव्यांबद्दल आम्ही पूर्वींच शहाणे झालों होतों. साठ वॅटचा जुना बल्ब आपल्या विजेचा दहावा हिस्साही उजेडांत देत नसे. तेवढाच उजेड नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. २०१५ च्या जानेवारींत सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यांतून ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरीं गेले. सरकारी खरेदींतील दिव्याचा दर २०१४ मध्यें ३१० रुपये होता, तो २०१६ मध्यें ३८ रुपयांवर उतरला. अंघोळीच्या पाण्याला आमच्या गच्चीवर सौर बंब आहे. तो नसता तर वीस लिटरची एक बादली पंधरा अंश तापविण्यास युनिटाचा तिसरा हिस्सा, आणि अकरा बादल्यांना जवळजवळ चार युनिटें रोज लागलीं असतीं.

खरा चोर सांपडला तो डोक्यावर. आमचे सात पंखे, पंचवीस वर्षांचे, प्रत्येकीं ७५ वॅटचे. सरासरीनें रोज दहा तास धरले तर सवापांच युनिटें, महिन्याचीं १५७. फ्रिजकडे संशयानें पाहणारे आम्ही, छताकडे कोणी पाहिलेंच नव्हतें! हल्लीं बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात, ते सुमारें तीस वॅटमध्यें तितकाच वारा देतात. सात पंख्यांचा महिन्याचा खर्च ६३ युनिटें. म्हणजे ९४ युनिटांची बचत. पंख्यावर ताऱ्यांची पट्टी पाहून घ्यावी. २०२३ च्या जानेवारीपासून ती सक्तीची आहे. मात्र पट्टीवरचे केवळ तारे मोजूं नयेत, वर्षही वाचावें. मोजमापाची कसोटी मधूनमधून कडक होत असते. जुन्या वर्षाचे पांच तारे आज पांच राहतीलच असें नाहीं.

हा हिशेब मीं मोठ्या दिमाखानें घरांत वाचून दाखविला. धाकट्या सूनबाई हिशेबनीस आहेत. त्यांनीं लगेच पकडलें. "मग बाबा, पंख्यांतून चौऱ्याण्णव वांचतात आणि यंत्राला नव्वद लागतात. पंखे बदला आणि यंत्रही घ्या. बिल आहे तेंच राहील." शिवाय त्यांनीं आणखी एक माहिती काढली होती. यंत्राचा एक नवा प्रकार आहे. तो गरम ओली हवा बाहेर न फेकतां तींतली उष्णता परत वापरतो, आणि त्याला साध्या यंत्राच्या निम्म्याच्या आसपास वीज पुरते. किंमत मात्र बरीच अधिक.

मीं एवढेंच म्हटलें कीं, वांचविलेली वीज दुसऱ्या दारानें घालवावयाची तर वांचविली असें म्हणतां येणार नाहीं. यंत्राला साधा पर्याय एक आहे: खिडकी उघडी ठेवून नव्या पंख्याखालीं दोऱ्या बांधाव्या. तीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर पाव युनिट. यंत्राच्या बाराव्या हिश्शांत काम होईल. "पण दोरीला हात लागतो," थोरल्या सूनबाई म्हणाल्या. तोच तर मुद्दा होता. मग मीं तें वाक्य उच्चारलें, ज्यासाठीं मला तीन दिवस लागले होते: "हात आमचे."

पंखे बदलले. दिवाणखान्याच्या छताला कप्पीवर वरखालीं होणाऱ्या चार दांड्या बसविल्या. दांडी छातीपर्यंत उतरवावी, कपडे घालावे, दोरी ओढून वर चढवावी. कोणाचाच हात कानाच्या वर जावयास नको. वाळत घालणें माझ्याकडे आणि मुलांकडे, घड्या नातवांकडे. पहिल्या आठवड्यांत माझी बरीच शोभा झाली. सदरे खांद्याला चिमटे लावून टांगले, तर खांद्यांना शिंगें फुटलीं. ते खालच्या काठाला धरावे. विजारी उलट्या कराव्या, म्हणजे खिशांना हवा लागते. दोन कपड्यांत चार बोटें अंतर हवें. झटकून घातलेल्या कपड्याला इस्त्री कमी लागते, म्हणजे तेथेंही वीज वांचते. रंगीत कपडे सावलींत. पण पांढऱ्यावर हळदीचा डाग असेल तर धुऊन कडक उन्हांत टाकावा, तो फिका होत होत निघून जातो. बंद खोलींत मात्र कधींहि वाळवूं नये. ती वाफ भिंतींत शिरते आणि बुरशी धरते. आईच्या खोलींत आम्ही एक रुमालसुद्धां टांगत नाहीं. तिला खोकल्याची बाधा आहे.

अमेरिकेंत असलेला माझा पुतण्या हें ऐकून हंसला. त्याच्या वसाहतीच्या नियमांत बाहेर दोरी बांधण्यासच मनाई आहे म्हणे, दृश्य बिघडतें! तिकडे फ्लॉरिडासारख्या कांहीं राज्यांनीं कायदे करून लोकांचा हा हक्क राखला आहे. व्हर्मांटनें २००९ मध्यें केला. आपल्या सोसायट्यांतही दर्शनी गॅलरींत कपडे नकोत असे नियम होऊं लागले आहेत. ज्यांना नियम करावयाचे त्यांनीं आधीं मागच्या बाजूस ऊन येणारी एक जागा दाखवावी.

वर्षाचा हिशेब असा कीं, मासिक वापर ३४० वरून २५० च्या आसपास आला आणि आम्ही दुसऱ्या टप्प्यांत उतरलों. परंतु सर्व गोड झालें असें सांगणार नाहीं. श्रावणांत आई आठ दिवस अंथरुणाला खिळली. दिवसांतून तीन तीन चादरी, बाहेर संततधार. दांड्या भरल्या, पंखे फिरले, आणि तरी चौथ्या दिवशीं घरांत कोरडी चादर उरली नाहीं. शेवटीं मुलगा ओल्या चादरींचें गांठोडें घेऊन धुलाईच्या दुकानांत गेला आणि तेथील यंत्रांत त्या वाळवून आणल्या. त्या ऊबदार चादरीवर आई शांत झोपली. त्या दिवशीं मीं यंत्राविरुद्ध एक शब्दही काढला नाहीं.

आतां आषाढ पुन्हां तोंडावर आला आहे. पत्नीचा खांदा पुष्कळ बरा आहे. सूनबाईंनीं अद्याप कांहीं म्हटलेलें नाहीं. मात्र उष्णता परत वापरणाऱ्या त्या यंत्राचें किंमतपत्रक नीट घडी करून माझ्या चष्म्याखालीं ठेवलेलें काल सकाळीं मला सांपडलें.