जस्ती लोखंडाचें आयुष्य

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूस पावसाळाभर लोखंड कोरडें म्हणून होत नाहीं. गोठ्याचा पत्रा, गुऱ्हाळाचें छप्पर, कुंपणाची तार, नदीकांठच्या पंपघराचे खांब यांस गंज चढतो व कांहीं वर्षांनीं तोच खर्च पुन्हा अंगावर येतो. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडवून काढणें. या रीतीचें पेटंट फ्रान्समधील सोरेल या एंजिनियरानें १८३७ सालीं घेतलें.

प्रथम लोखंड आम्लांत धुऊन त्याचा गंज काढतात. नंतर नवसागर व जस्ताचा क्षार यांच्या द्रावणांत भिजवून तें जस्ताच्या रसांत सोडतात. जस्त सुमारें ४२० अंश सेंटिग्रेडला वितळतें. रस सुमारें ४५० अंशांवर ठेवतात. तेथें जस्त नुसतें वर चिकटत नाहीं. लोखंड व जस्त यांचे मिश्र थर बनतात. म्हणून हा लेप रंगाप्रमाणें सहजीं सुटत नाहीं.

दुसरा गुण याहून मोठा आहे. पत्र्याच्या डब्यास कथिलाची कल्हई असते. तीस ओरखडा पडला कीं डबा तेथेंच झपाट्यानें गंजतो. जस्ताचें तसें नाहीं. लहानसा ओरखडा पडल्यास भोंवतालचें जस्त स्वतः झिजतें व उघडें लोखंड राखतें. परंतु झिजणारी वस्तु केव्हांतरी संपावयाचीच. यास्तव लोखंडाचें आयुष्य जस्ताच्या वजनावर अवलंबून असतें.

म्हणून पत्रा घेतांना चकाकी न पाहतां जस्ताचें वजन विचारावें. तें दोन्ही बाजूंचें मिळून सांगण्याची वहिवाट आहे. दर चौरस मीटरास १२० ग्रॅम जस्त असल्यास एका बाजूस सुमारें ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ८ हजारांश, लेप बसतो. २७५ ग्रॅम असल्यास १९. दिसण्यांत दोन्ही सारखेच, पण एकाच हवेंत दुसऱ्याचा लेप दुपटीहून अधिक काळ पुरतो. ५ मिलिमीटर वा अधिक जाडीच्या खांबांस व अँगलांस भारतीय मानकाप्रमाणें पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरास ६१० ग्रॅम जस्त लागतें. चंदेरी रंग दिलेला अँगल हा जस्ती अँगल नव्हे.

कापणें, भोकें पाडणें, वेल्डिंग करणें हीं कामें जस्तांत बुडविण्यापूर्वीं करावीं. मागाहून वेल्डिंग केल्यास जस्त जळतें. त्या जागीं जस्तयुक्त रंग द्यावा. नवे पत्रे ओल्या जागीं एकावर एक रचल्यास त्यांवर पांढरी भुकटी धरते. ते कोरडे व हवेशीर ठेवावे. शेण, गोमूत्र व रासायनिक खतें जस्त खातात. गोठ्यांतील खांबांचा तळ जमिनीपासून उंच, काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवावा. जस्ती भांड्यांत ताक किंवा आंबट पदार्थ मुळींच ठेवूं नयेत. त्यांत जस्त उतरून वांत्या होतात.

खरेदीच्या पावतीवर जस्ताचें वजन लिहून घ्यावें, म्हणजे पुढें तक्रारीस आधार राहील.