‘करून राहिलो’चं व्याकरण

उमरेडच्या एस.टी. स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी असं काहीतरी कानावर पडतं. ‘काहो, नागपूर गाडी येऊन राहिली का?’ ‘येऊन राहिली ना भाऊ. मीनं आत्ताच विचारलं.’ इथलं पोरगं पुण्याला शिकायला गेलं की पहिल्या महिन्यातच यातले दोन शब्द गिळायला शिकतं. ‘येऊन राहिली’ची ‘येते आहे’ होते आणि ‘मीनं’चा ‘मी’. शाळेच्या वहीत तर या दोन्हींखाली लाल रेघ ठरलेलीच. पण भाषेच्या अभ्यासाची एक शाखा अशी आहे जिला लाल शाईत काडीचाही रस नाही, आणि तिच्या दृष्टीने ही दोन वाक्यं म्हणजे घबाड आहे.

१९५७ साली नोम चॉम्स्की या तिशीही न गाठलेल्या अमेरिकन प्राध्यापकाचं ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ हे जेमतेम सव्वाशे पानांचं पुस्तक निघालं आणि जनरेटिव्ह सिंटॅक्सचा, म्हणजे नव्या धर्तीच्या वाक्यविचाराचा, पाया घातला गेला. प्रश्न साधा होता. माणूस आयुष्यात कधी न ऐकलेली वाक्यं बिनदिक्कत बोलतो, आणि न ऐकलेलंच एखादं वाक्य कानावर पडताच ‘असं कोणी बोलत नाही’ म्हणून उडवूनही लावतो. हे त्याला कसं कळतं? ज्या नियमांवर तो हा निकाल देतो ते त्याला स्वतःला सांगता येत नाहीत, तरी ते त्याच्याजवळ असतात. ते बाहेर काढून मोजक्या सूत्रांत मांडायचे, हा या शास्त्राचा उद्योग. आपल्याकडे हा उद्योग नवा नव्हे. सुमारे चार हजार सूत्रांत अख्खं संस्कृत बांधणाऱ्या पाणिनीचं व्याकरण या जातीचंच आहे, हे चॉम्स्कीनेही १९६५च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे.

या कामाचं मुख्य हत्यार म्हणजे न चालणारं वाक्य. त्याच्यापुढे फुली मारायची आणि ते का चालत नाही हे शोधायचं. नियम कुठे आहे हे बरोबर वाक्यापेक्षा नाकारलेल्या वाक्यातून लवकर कळतं. पुस्तकात काय लिहिलंय याला इथे किंमत नाही. त्या बोलीत वाढलेल्या माणसाचा कान हाच निवाडा.

तर ‘करून राहिला’ या कानापुढे ठेवू. ‘तो जेवून राहिला’ म्हणजे पुण्यात जेवण आटोपून मुक्कामाला थांबला. उमरेडात त्याचा हात अजून ताटातच आहे. आता मध्ये एक शब्द घालून पाहा : ‘तो जेवून घरी राहिला’. उमरेडच्या माणसालाही आता हा मुक्कामाचाच मामला वाटतो, चालू जेवणाचा अर्थ गेला. म्हणजे चालू क्रियेच्या अर्थाने ‘जेवून राहिला’ ही एकजीव जोडी आहे, तिच्यात ‘घरी’ला शिरकाव नाही. पण ‘तो ऐकूनच नाही राहिला’ हे मात्र खुशाल चालतं. ‘च’ आणि ‘नाही’ यांना आत वाट आहे, ‘घरी’ला नाही. कोणत्या शाळेने हा भेद शिकवला?

आणखी पुढे जाऊ. ‘तो मामाकडं राहून राहिला’ हे इथे अगदी रोजचं वाक्य. दुसऱ्या ‘राहिला’त राहण्याचा अर्थ उरलेला असता तर हे वाक्य हास्यास्पद ठरलं असतं. तो झिजून गेला आहे आणि आता क्रिया चालू असल्याची खूण तेवढी करतो. रूप पाहाल तर भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. भूतकाळ हवा असेल तर ‘राहिला होता’ म्हणावं लागतं. पण ‘तो घरी असून राहिला’ असं उमरेडात कोणी म्हणणार नाही. तिथे फुली. असणं ही चालू राहणारी क्रियाच नव्हे, आणि हे या बोलीला पक्कं ठाऊक आहे.

आता सगळ्यात सुंदर भाग. ‘पोरीनं आंबा खाल्ला’ यात क्रियापद आंब्याच्या मागे जातं आणि पोरीला ‘नं’ लागतो. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून पाठ केलं. पण ‘पोरगी आंबा खाऊन राहिली’ यात ‘नं’ गायब, आणि क्रियापद पोरीच्या मागे. ‘पोरीनं आंबा खाऊन राहिला’ म्हणा, ऐकणारा चमकून पाहील. खाणं सकर्मक असलं तरी वाक्याचा लगाम ‘राहणे’ या अकर्मक क्रियापदाच्या हातात आहे, आणि ‘नं’ लावायचा की नाही हे तेच ठरवतं. अर्थ झिजला तरी व्याकरणातला वट गेलेला नाही.

ही रचना आली कुठून, याचं उत्तर नागपूर भागातल्या कोणालाही देता येईल : हिंदीतून, ‘कर रहा है’वरून. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि १९५० ते १९५६ मध्य प्रदेशाची राजधानी होतं. बाजारात, कचेरीत, रेल्वेत दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदल्या. नागपुरी मराठी हिंदीच्या सहवासात काय काय उचलते आणि काय राखून ठेवते, हा राजेश्वरी पंढरीपांडे यांच्या अभ्यासाचा एक विषय. मराठीचं विस्तृत व्याकरण त्यांनी १९९७ साली इंग्रजीत लिहिलं. रमेश धोंगडे आणि काशी वाली यांचं ‘मराठी’ २००९चं, तेही इंग्रजीतच आणि तेही परदेशी छापलेलं. मराठी वाक्यावरचं उत्तम लेखन मराठी वाचकाच्या हाती सहजी लागत नाही, ही आपली तऱ्हा. असो. उसनवारीची गंमत अशी की हिंदीने दिला नुसता साचा. हिंदीत ‘कर’ हा उघडा धातू येतो, इथे आपला ‘ऊन’ लागला. हिंदीतल्या ‘है’ची इथे गरजच पडली नाही.

‘मीनं’ची कथा वेगळी. प्रमाण मराठीत ‘त्याने पैसे दिले’, ‘आईने पैसे दिले’, पण ‘मी पैसे दिले’, ‘तू पैसे दिलेस’. मी आणि तू यांना ‘ने’ची माफी का? वाटतं, आपलीच काहीतरी लहर. पण ऑस्ट्रेलियात, ईशान्य क्वीन्सलंडमध्ये डिरबल नावाची भाषा आहे. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ साली तिचं व्याकरण लिहिलं. तिथेही नामांना कर्त्याचा प्रत्यय लागतो, पण ‘मी’ आणि ‘तू’ त्यातून सुटतात. पुणे आणि क्वीन्सलंड यांची कधी सोयरीक झाल्याचं ऐकिवात नाही. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ साली दाखवलं की अशा भाषांत फट पडते ती पुष्कळदा याच जागी : बोलणारा आणि ऐकणारा एका बाजूला, बाकी जग दुसऱ्या बाजूला.

पण ‘मी’ला खरंच ‘ने’ नसतो का? हे वाक्य पाहा : ‘मी मूर्खाने त्याला पैसे दिले.’ किंवा : ‘तू शहाण्याने दारच लावलं नाहीस!’ सदाशिव पेठेतही असंच म्हणतात. ‘मी मूर्ख त्याला पैसे दिले’ कोणी म्हणत नाही. आणि ‘मी मूर्खाने गेलो’ही म्हणत नाही. म्हणजे जिथे ‘ने’ हवा तिथे तो ‘मी’लाही आहेच, ‘मी’वर ऐकू येत नाही, शेजारच्या ‘मूर्खा’वर ऐकू येतो. शालेय तक्त्यात तृतीयेच्या घरात ‘मी’ लिहिलेला असतो तो याचसाठी. न ऐकू येणाऱ्या गोष्टी वाक्यात असतात आणि त्यांचा पुरावा देता येतो, हा या शास्त्राचा सगळ्यात वादग्रस्त दावा आहे. मला तो ‘मी मूर्खाने’ या दोन शब्दांवर पटला.

मग उमरेडचा ‘मीनं’ करतो काय? पुण्यात जे मुकं आहे ते तो उच्चारतो. संतांच्या मराठीतला आणि खेड्यापाड्यांतला ‘म्या’ही हेच करत आला आहे. ‘तू पोळी खाल्लीस’ यात ‘ई’ पोळीची आणि ‘स’ तुझा, अशी क्रियापदावर दोघांची नोंद असते. ‘तूनं पोळी खाल्ली’ म्हणणारा तो ‘स’ बहुधा वापरतच नाही. कर्ता एकदा खुणेसह पुढे आला की क्रियापदावर त्याची दुसरी नोंद कशाला, असा हिशोब असावा. हा माझा तर्क.

माणूस हे सारं जन्मजात आराखडा घेऊन शिकतो की निव्वळ ऐकून ऐकून, यावर साठ-सत्तर वर्षं भांडण चालू आहे. डॅनियल एव्हरेट यांनी २००५ साली ॲमेझॉनच्या जंगलातल्या पिराहा भाषेचा दाखला देऊन चॉम्स्कीच्या गटाला अंगावर घेतलं, तेव्हापासून तर फारच. ते भांडण बाजूला ठेवलं तरी फुली मारण्याची पद्धत उरतेच, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात मराठीच्या बोली आल्या, त्या मुख्यतः उधळ्या पुत्राच्या गोष्टीच्या बोलीबोलींतल्या भाषांतरांतून. गोष्टीत येतात ती चालणारी वाक्यं. न चालणारी विचारल्याशिवाय हाती लागत नाहीत. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह मराठीच्या बोलींचं नव्याने सर्वेक्षण केलं. त्यात शब्दांबरोबर व्याकरणाचे फरकही नकाशावर मांडले आहेत.

एक फुली मात्र इथेच मारून पाहता येते. जो माणूस दिवसभर ‘मीनं केलं’, ‘मीनं पाहिलं’, ‘मीनं दिलं’ म्हणतो, त्याला विचारा : ‘मीनं विसरलो’ चालेल का? तो हसेल. विसरायला कर्म असतं, ‘मी छत्री विसरलो’ असंच आपण म्हणतो, तरीही ‘नं’ लागत नाही, ‘शिकलो’लाही नाही. ‘तो छत्री विसरला’, ‘तो इंग्रजी शिकला’, ही पुण्याचीही गत. प्रमाण मराठीने ‘ने’मधून वगळलेली ही क्रियापदं ‘मीनं’वाल्यानेही वगळली आहेत, एकेक करून, कोणी यादी न देता.