पासवर्ड आहे ना, मग काय काळजी?

मार्केट यार्डातल्या अडत्याच्या गाळ्यात आज वहीइतकाच संगणकही कामाचा झाला आहे. शेतकऱ्याची हिशेबपट्टी, खरेदीदाराची उधारी, हमाली, तोलाई, सेस हे सगळं एका सर्व्हरवर साठतं. तरीही ‘आमचा धंदा तो केवढा, आमच्याकडे कोण बघणार?’ हा समज काही सुटत नाही. मुळात बघायला माणूस लागतच नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप हे साधन तयार केलं. वेगवान जोडणी असेल, तर एकच संगणक आयपीव्ही-४चे जवळपास सगळे सार्वजनिक पत्ते पाऊण तासात चाचपू शकतो, हे त्यातून दिसलं. अशा चाचपणीत धंद्याचा आकार दिसत नाही, फक्त उघडं दार दिसतं. जानेवारी २०१७मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. तिथे पासवर्ड फोडण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तो ठेवलेलाच नव्हता.

‘पण आमच्या सॉफ्टवेअरला पासवर्ड आहे,’ असं यावर कोणी म्हणेल. तो बहुतेकदा समोरच्या पडद्यापुरता असतो. पडद्यामागची डेटा फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये सर्वांना खुली असेल, तर वाय-फायवर आलेला कोणताही लॅपटॉप ते सॉफ्टवेअर न उघडताच ती उचलून नेऊ शकतो. म्हणून ओळख सर्व्हरने स्वतः तपासली पाहिजे, आणि प्रत्येक मागणीच्या वेळी तपासली पाहिजे. सर्व्हर ज्या पोर्टवर जोडणी स्वीकारतो, त्याचा क्रमांक नुसता बदलल्याने फार तर शोधणाऱ्याचा वेळ थोडा वाढतो, ओळख पटत नाही.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे आतल्या नेटवर्कवरचा तो आपलाच. यार्डाच्या गेटमधून आत आलेल्या प्रत्येक टेम्पोत आपण गाळ्यातला माल भरू देत नाही; चिठ्ठी मागतोच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये जो हल्ला झाला, त्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून एक समांतर स्विच उभा केला. एटीएममधून आलेल्या मागण्यांना बँकेच्या मुख्य प्रणालीऐवजी हा स्विचच मंजुरी देत राहिला, आणि २८ देशांतून नोटा निघाल्या. मागणारा कोण हे तपासणं जितकं गरजेचं, तितकंच उत्तर देणारा कोण हेही, असं ही घटना सांगते. दोन्ही बाजूंच्या यंत्रांनी एकमेकांना डिजिटल प्रमाणपत्र दाखवण्याची परस्पर ओळखीची पद्धत त्यासाठीच आहे. आत शिरलेल्या चोराच्या हाती प्रमाणपत्राची गुप्त किल्लीच लागली तर तीही तोकडी पडते, हे खरं. पण तेवढ्यासाठी दार उघडं ठेवायचं कारण नाही.

पहाटे गाड्या लागलेल्या असताना लॉगिन करत कोण बसणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. कामाचा खोळंबा झाला, की माणसं एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवतात आणि सगळी व्यवस्था कोसळते. यावर उपाय आहे. प्रत्येक संगणकात वेगळं प्रमाणपत्र बसवलं, की यंत्राची ओळख आपोआप पटते. माणसाने कामाला बसताना एकदाच स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं. मुनीमाला पट्टी करता यावी, जुनी पुसता येऊ नये. घरून हिशेब बघायचा असेल, तर रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर न ठेवता व्हीपीएनमधून यावं, आणि त्यालाही मोबाइलवरच्या कोडची जोड द्यावी. एखाद्याने नोकरी सोडली, की त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद करावं.