काट्यावर हडकुळं, चिमटीत गुबगुबीत

बारशाला आलेली आत्या बाळाला मांडीवर घेते आणि म्हणते, "अंग नाही धरलं गं अजून." नव्वदच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतली बाळं पाहून कुणीही हेच म्हटलं असतं. दिवस पूर्ण भरलेल्या या बाळांचं सरासरी वजन जेमतेम २.७ किलो. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी मात्र काट्यावर थांबले नाहीत. जन्मानंतर तीन दिवसांच्या आत त्यांनी बाळाच्या पाठीवरची, खांद्याच्या हाडाखालची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरून मोजली. पोटाचा घेर इंग्लिश बाळापेक्षा खूपच कमी, दंडावर मांस नाही. पण पाठीवरची चरबी त्या मानानं शाबूत! मांस, अवयव यांत काटकसर झाली होती, चरबीत फारशी नाही.

या बाळांपर्यंत नेणारा प्रश्न पडला होता दवाखान्यात. ऐंशीच्या दशकात पुण्यात मधुमेहाचे जे रुग्ण येत, ते पाठ्यपुस्तकातल्यासारखे नव्हते. वयानं लहान, अंगानं सडपातळ. मग केईएममध्येच जन्मलेली चार वर्षांची मुलं तपासली. जन्माला कमी वजनाची होती, त्यांच्या रक्तात ग्लुकोज प्यायल्यावर साखर आणि इन्सुलिन जास्त चढत होतं. साउथॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली इंग्लंडातल्या हर्टफर्डशरच्या जुन्या नोंदींवरून बाळपणीचं वजन आणि पुढचा हृदयविकार यांची सांगड घातली होती. तोच धागा पुढे नेत, साउथॅम्प्टनच्या साथीनं, १९९३ मध्ये गावांतलं काम सुरू झालं. बाईला दिवस जाण्याआधीपासून तिची नोंद ठेवायची, असा हा खटाटोप. २,४६६ बायका त्यात आल्या. गरोदरपणी त्यांचं जेवण दिवसाला सतराशे कॅलरींच्या आसपास, आणि वर शेतातलं काम, पाणी भरणं. ज्या पालेभाजी, फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी निघाली. आपल्याकडे डिंकाचे लाडू येतात ते बाळंतपणानंतर. बाळाच्या दृष्टीनं तोवर बरंचसं काम उरकलेलं असतं.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेलं एक छायाचित्र मला या सगळ्या शास्त्रापेक्षा बोलकं वाटतं. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

गावांतली ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक गाठ सापडली. बहुतेक आयांच्या रक्तात गरोदरपणी ब१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांचं ब१२ कमी आणि फोलेट (हेही ब-गटातलंच जीवनसत्त्व) जास्त, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक. ब१२ मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. गोठा असलेल्या घरातही दूध आधी डेअरीला जातं, हे वाचकाला वेगळं सांगायला नको.

आईच्या पोटी पिढ्यानपिढ्या झालेली आबाळ पुढच्या पिढीत चांगलंचुंगलं खाऊ घालून भरून निघते का? हे माणसांत पाहायला शतक लागेल, म्हणून उंदीर. ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या उंदरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्या उंदरांमध्येही ब१२ कमी आणि इन्सुलिन चढलेलं होतं. पुढे दोन पिढ्या पोटभर खायला देऊनही ते पूर्वपदावर आले नाहीत.

गावातली ती बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळपास निम्मी अजूनही कमी वजनाचीच होती. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्क्यांच्या रक्तातली साखर प्रमाणापेक्षा वर गेलेली होती. त्याआधीच, २०१२ मध्ये, याच मुलामुलींपैकी काहींना ब१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली होती, त्यांना स्वतःला मुलं होण्याच्या आत. रोजची मात्रा दोन मायक्रोग्रॅम.