काश्मिरांतील थंडी आणि हांझी लोकांचा धंदा

पौषांतील थंडीची तक्रार करण्याची आपल्या घरांतून एक ठराविक पद्धत आहे. उशिरां उठावें, चहा दोनदां घ्यावा, आणि "यंदां थंडी फारच हो!" असें शेजाऱ्यांस सांगावें. शेजारीही बहुधा तेंच सांगण्यास आलेले असतात. परंतु ज्यांचें पोटच पाण्यावर आहे त्यांस ही चैन परवडत नाहीं. काश्मिरांतील हांझी, म्हणजे नावाडी व कोळी, हे अशा लोकांपैकीं होत. त्यांचा हिंवाळा कसा जातो तें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

२१ डिसेंबरपासून पुढच्या चाळीस दिवसांस तिकडे 'चिल्लई कलान' म्हणतात. त्यामागून वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा' येते; थोरली, धाकटी आणि शेंडेफळ अशा जणूं तीन बहिणीच! २०२४ सालीं थोरलीच्या पहिल्याच दिवशीं श्रीनगरांत पारा शून्याखालीं ८.५ अंशांवर उतरला. १९३४ च्या डिसेंबरांत तो शून्याखालीं १२.८ अंशांपर्यंत गेला होता.

अशा रात्रीनंतर दाल सरोवराचा बराचसा पृष्ठभाग सकाळीं गोठलेला असतो. प्रवाशांस हा देखावा रम्य वाटतो. नावाड्याच्या दृष्टीनें ती रस्त्यांत उभी राहिलेली भिंत असते. सरोवरांतील वस्त्यांना भाजीपाला आणणें, कामावर जाणें, दवाखाना गांठणें, हें सारें नावेवरच चालतें. म्हणून हातांतील वल्ह्यानें किंवा काठीनें बर्फ फोडीत नावेपुरती वाट करावी लागते. ह्या वल्ह्याचें पातें हृदयाच्या आकाराचें असतें. तें पाणी कापण्यासाठीं घडविलेलें, बर्फ फोडण्यासाठीं नव्हे. आणि रात्रीं पुन्हा कडाका पडला कीं सकाळची वाट बुजून जाते.

बर्फाचा हा थर पातळ, म्हणूनच फसवा. नावेला अडविण्याइतका तो घट्ट असतो, पण माणसाचें ओझें पेलण्याइतका असेलच असें नाहीं. इतक्या थंड पाण्यांत माणूस पडला कीं पहिल्या मिनिटांतच त्याला धापा लागतात, श्वास आवरत नाहीं, आणि तोंडांत पाणी जातें. अंगावरचा लोकरी फिरन भिजून जड होतो तें वेगळेंच. गोठलेल्या सरोवरावर चालूं नका, असें सरकारास लोकांना बजावून सांगावें लागतें तें ह्याचसाठीं.

इतकें असूनही मासे जगतात, ह्याचें कारण पाण्याच्या एका विलक्षण गुणांत आहे. पाणी सुमारें ४ अंशांवर सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वरच राहतें व तेंच प्रथम गोठतें. तळचें पाणी मात्र बर्फाच्या झांकणाखालीं त्यामानानें उबदार असतें. माशांचें रक्त थंड, त्यामुळें ते तेथें सुस्तावून पडून असतात.

ह्या सुस्तीचा फायदा हांझी घेतात. श्रीनगरच्या वायव्येस आंचार नांवाचें सरोवर आहे. तेथें कोळी नावेच्या टोंकाशीं ओणवा होऊन डोकें आणि नावेचा कांहीं भाग घोंगडीनें व गवतानें झांकून घेतो आणि हातांत लांब दांड्याचा भाला धरून निश्चल बसतो. त्या सावलीखालीं मासे आसऱ्याला येतात. शिवाय आकाशाचा उजेड पाण्यावर चकाकत नाहीं, म्हणून आंतलें स्पष्ट दिसतें. तरी नेम सोपा नाहीं. पाण्यांतून पाहतांना मासा असतो त्याहून वर भासतो, म्हणून भाला दिसणाऱ्या माशाच्या खालीं मारावा लागतो. शाळेंत किरणांचें वक्रीभवन पाठ करूनही आमच्यापैकीं कितीजणांना हें साधेल?

दुर्दैव असें कीं, एवढी विद्या हातीं असतांही नाव पुष्कळदां रिकामी परतते. आंचार आक्रसत चाललें आहे आणि शहराची घाण त्यांत उतरते. 'काशिर गाड' हा तेथला मूळचा मासा दुर्मिळ होत चालला आहे. बाहेरून आणून सोडलेल्या कार्प जातीच्या माशांनीं त्याची जागा बळकाविली, आणि त्यांचेंही पूर्वीसारखें पीक राहिलें नाहीं. मुलांनीं भाला हातीं धरावा असें बापांनीं कोणत्या तोंडानें म्हणावें?

मासे विकण्याचें काम बायकांचें. श्रीनगरांत अमीरा कदल ह्या पुलाजवळ त्या टोपल्या मांडून बसतात. पौषाच्या वद्य पक्षांत काश्मिरी पंडितांचा 'गाड बत' नांवाचा कुळाचार असतो. त्या दिवशीं घरांत मासे व भात रांधून गृहदेवतेस नैवेद्य दाखवितात. आपल्याकडील सारस्वत वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. देशस्थ-कोंकणस्थ भगिनींनीं मात्र क्षणभर नाकास पदर लावला तरी आमची हरकत नाहीं. त्या दिवसांत पुलावर गिऱ्हाईक वाढतें, आणि फिरनाखालीं कांगडीची ऊब घेत कोळीण भाव सांगते.