मुलांच्या चष्म्याचा नंबर दरवर्षी का वाढतो? तो वाढणं रोखता येतं का?

मुलाची वही शाळेतून अर्धवट लिहून येते. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ते शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतं. घरी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतं, लांबची पाटी वाचताना डोळे बारीक करतं. मग तपासणी होते, मायनस एकचा चष्मा लागतो आणि फळा स्वच्छ दिसू लागतो. पालकांना हायसं वाटतं. पण वर्षभराने नंबर दीड होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी दोन.

चष्मा नियमित लावूनही असं का होतं?

डोळ्यात नेमकं काय बदलतं?

जवळचं स्पष्ट आणि लांबचं धूसर दिसणं म्हणजे मायोपिया किंवा निकटदृष्टिता. बहुतेक मुलांमध्ये याचं कारण एकच असतं. नेत्रगोल समोरून मागे गरजेपेक्षा जास्त लांब झालेला असतो. त्यामुळे लांबून येणारे प्रकाशकिरण डोळ्याच्या पडद्यावर एकत्र येण्याऐवजी त्याच्या अलीकडेच एकत्र येतात. ही लांबी १ मिलीमीटरने वाढली, तर नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो.

साधा चष्मा ते किरण पडद्यावर नेऊन पोहोचवतो. धूसरपणा जातो, पण डोळ्याची लांबी वाढायची ती वाढतच राहते. म्हणजे नीट दिसणं आणि नंबर रोखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा चष्मा यातली पहिलीच करतो.

नंबर वाढला तर बिघडलं कुठे?

मोठी झाल्यावर लेसर करून चष्मा घालवता येईल, असं अनेकांना वाटतं. पण लेसर शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदलतो. ताणलेला डोळा तसाच लांब राहतो. नंबर मायनस पाच-सहाच्या पुढे गेला, की पडदा सरकणं, पडद्याचा मधला भाग खराब होणं आणि काचबिंदू यांचा धोका वाढतो. चष्मा गेला तरी हा धोका जात नाही. वाढलेली लांबी कमी करता येत नाही, त्यामुळे जे करायचं ते डोळा वाढत असतानाच, म्हणजे शाळेच्या वयात करावं लागतं. नंबर जितक्या लहान वयात लागतो, तितका तो पुढे जास्त वाढण्याची शक्यता असते.

ही अडचण मोजक्या मुलांची नाही. दिल्लीतल्या शाळांमध्ये ‘एम्स’च्या डॉक्टरांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १३ टक्के मुलांना मायोपिया आढळला होता. २०५० पर्यंत जगातल्या जवळपास निम्म्या लोकांना तो असेल, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मैदानाचा काय संबंध?

आई-वडिलांना मायनस नंबर असेल, तर मुलांना तो लागण्याची शक्यता वाढते. पण आनुवंशिकता हे एकमेव कारण नाही. तासन्‌तास जवळचं बघणं आणि उघड्यावर कमी वेळ घालवणं हीही कारणं मानली जातात.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर नेण्यात आलं. ३ वर्षांनी या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला होता, तर नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर घालवण्याचा कार्यक्रम सुरू केला.

घरातल्या दिव्यांपेक्षा बाहेरचा उजेड कित्येक पटींनी जास्त असतो. या उजेडामुळे पडद्यातलं डोपामाइन वाढतं आणि डोळ्याची वाढ आटोक्यात राहते, असं मानलं जातं. त्यासाठी भर उन्हात उभं राहायची गरज नाही. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातल्यापेक्षा जास्तच असतो. मात्र नंबर लागण्याआधी याचा उपयोग सर्वाधिक दिसतो. नंबर लागल्यावर फक्त खेळण्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

नंबर लागल्यावर कोणते उपाय?

ॲट्रोपिनचे सौम्य थेंब: हे रोज रात्री घालतात. हाँगकाँगमधल्या चाचणीत ०.०५ टक्के मात्रा ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरली. भारतीय मुलांवरच्या अभ्यासात ०.०१ टक्क्याचाही उपयोग दिसला, पण अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेवढ्या मात्रेने फरक पडला नाही. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. औषधाच्या दुकानात १ टक्क्याचे थेंबही मिळतात आणि ते ०.०१ टक्क्याच्या शंभर पट तीव्र असतात. उजेडाचा त्रास होणं, जवळचं धूसर दिसणं हे दुष्परिणाम होऊ शकतात. थेंब अचानक बंद केल्यास नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो.

खास काचांचा चष्मा: काचेच्या मध्यभागातून स्पष्ट दिसतं. भोवतालचे बारीक भिंगांचे ठिपके डोळ्याच्या वाढीला आवर घालतात. हाँगकाँगमधल्या २ वर्षांच्या चाचणीत अशा काचांमुळे नंबर वाढण्याचा वेग जवळपास निम्मा झाला. साध्या चष्म्यापेक्षा हा बराच महाग असतो.

कॉन्टॅक्ट लेन्स: काही दिवसा वापरायच्या, तर काही रात्री लावून झोपायच्या असतात. स्वच्छता पाळली नाही तर डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

यातला कोणताही उपाय नंबर उतरवत नाही. तो वाढण्याचा वेग कमी करतो.

हे गैरसमज टाळा

चष्म्याची सवय लागू नये म्हणून कमी नंबरचा चष्मा देणं चुकीचं आहे. मलेशियात असा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. गाजर किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनीही मायनस नंबर जात नाही.

पालकांनी काय करावं?

- शाळेत घालण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्या. फळा दिसत नाही, असं मूल स्वतःहून सांगेलच असं नाही.
- पहिल्यांदा नंबर काढताना थेंब टाकून तपासणी करा. त्याशिवाय लहान मुलांचा नंबर प्रत्यक्षापेक्षा जास्त निघू शकतो.
- सरकारी शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दृष्टीची तपासणी होते. त्यात दोष सांगितला, तर पुढची तपासणी लांबवू नका.
- नंबर असेल तर दर सहा महिन्यांनी डोळे दाखवा आणि नंबराची नोंद ठेवा. सोय असेल तिथे डोळ्याची लांबीही मोजून घ्या.
- वर्षात अर्धा किंवा त्याहून जास्त नंबर वाढला, तर नवा चष्मा घेऊन थांबू नका. तो वाढणं रोखण्यासाठी काय करता येईल, हे डॉक्टरांना विचारा.