रोल फिरतोय ना?

आज हप्ते, व्याज, मसाल्याची ऑर्डर यातलं काही नाही. आज एका जुन्या कॅमेऱ्याबद्दल बोलू या.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या यजमानांचा तालुक्याला फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर स्टुडिओ बंद झाला आणि कॅमेरा कपाटात पडून राहिला. पेंटॅक्स के १००० हे त्याचं नाव. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल बनत होतं. घरचे म्हणाले, भंगारात द्या. ताई म्हणाल्या, आधी शिकून तर बघू.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाईल असताना हा उद्योग कशाला? आमच्या गटाचे दोन वर्षांचे फोटो एका मोबाईलमध्ये होते. तो पाण्यात पडला आणि सगळे गेले. ताईंच्या डब्यात मात्र तीस वर्षांपूर्वीच्या निगेटिव्ह आहेत. त्यावरून आजही कॉपी काढता येते.

पहिला रोल आणला तो गावातल्या एका आजींसाठी. जात्यावरच्या इतक्या ओव्या त्यांच्याइतक्या कुणालाच येत नव्हत्या. आम्ही दिवसभर त्यांचे फोटो काढले. दळताना, हसताना, नातवाला मांडीवर घेऊन. आकडा ३६ वर आला तरी लिव्हर अडली नाही. आम्हाला वाटलं, रोल जरा लांब असेल. धुवायला दिला तर सगळा कोरा! रोल आत अडकलाच नव्हता. लिव्हर फिरत होती, आकडा पुढे सरकत होता, रोल जागच्या जागी होता. दिवाळीनंतर पुन्हा काढू म्हणालो. दिवाळीआधीच आजी गेल्या.

म्हणून पहिली गोष्ट रोल भरण्याची. सावलीत बसा. डावीकडची गोल चकती वर ओढली की मागचं झाकण उघडतं. रोलची डबी डावीकडे बसवा आणि चकती खाली दाबा. रोलची पट्टी उजवीकडे ओढून तिथल्या रिळाच्या खाचेत घाला. पट्टीची भोकं दात्यांवर बसायला हवीत. लिव्हर एकदा फिरवून पट्टी ताणली गेली ना बघा, मगच झाकण लावा. आता डावीकडची चकती बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढून घ्या. यापुढे लिव्हर ओढताना दर वेळी त्या चकतीकडे बघा. ती फिरली तर रोल फिरतोय. नाही फिरली तर तिथेच थांबा. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर! सुरुवातीचे दोन-तीन फोटो वाया जाऊ द्या, कारण तेवढ्या पट्टीला उजेड लागलेला असतो.

रोलच्या डबीवर १००, २०० किंवा ४०० असा आकडा असतो. कॅमेऱ्यावरही तोच लावायचा. वेगाच्या चकतीची बाहेरची कड वर उचलून फिरवली की छोट्या खिडकीत आकडा दिसतो.

आता उजेडाचं गणित. नळाला पाणी आलं की हंडा भरायचा असतो, तसंच हे. तोटी पूर्ण उघडली तर हंडा पटकन भरतो, बारीक सोडली तर वेळ लागतो. हंडा अर्धाच भरला तर फोटो काळपट, ओसंडून वाहिला तर पांढराफटक. लेन्सवर २ पासून २२ पर्यंत आकडे आहेत, ती तोटी. गंमत अशी की २ म्हणजे सगळ्यात मोठी तोटी आणि २२ म्हणजे सगळ्यात बारीक. वरच्या चकतीवरचा आकडा म्हणजे वेळ. १२५ म्हणजे एका सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. ६० च्या खाली गेलात तर हात हलून फोटो पुसट येतो. रांगेत बसलेल्या सगळ्या बायका स्पष्ट हव्या असतील तर तोटी ८ किंवा ११ वर ठेवा.

कॅमेऱ्यातून बघताना उजवीकडे एक काटा दिसतो. तो वर गेला तर उजेड जास्त, खाली गेला तर कमी, बरोबर मध्ये आला तर ठीक. पण या काट्याला पांढरं आणि काळं यातला फरक कळत नाही. पांढरं लुगडं किंवा चुन्याची भिंत समोर असली की त्याला वाटतं उजेड फार आहे. त्याचं ऐकलंत तर चेहरा काळा पडतो. म्हणून चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन काटा मध्ये आणा आणि आकडे न बदलता मागे येऊन फोटो काढा. चेहऱ्याचा फोटो भर दुपारी नको, डोळ्यांखाली सावली पडते. ओसरीवर किंवा दाराशी छान येतो.

सेल संपला तर काटा बंद पडतो, पण कॅमेरा चालूच राहतो. तेव्हा हे लक्षात ठेवा : लख्ख उन्हात तोटी १६ वर आणि वेग रोलच्या आकड्याच्या जवळचा. २०० चा रोल असेल तर २५०. या कॅमेऱ्याला चालू-बंदचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सवर टोपी घाला. नाहीतर सेल उतरतो.

फोकस लेन्सची कडी फिरवून करायचा. मधल्या गोलात डोळे स्वच्छ दिसले की बटण दाबा. त्या क्षणी पुढे काळोख होतो, घाबरू नका. आतला आरसा वर उचलला जातो म्हणून तसं होतं.

रोल संपला की लिव्हर घट्ट होते. जोर लावू नका, झाकण तर मुळीच उघडू नका. कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबा आणि डावीकडच्या चकतीची दांडी उघडून बाणाच्या दिशेने फिरवा. हाताला ओढ लागते आणि शेवटी एकदम सैल पडतं. मग झाकण उघडा.

पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशीचे पांढरे धागे धरतात. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या सोबत टाका.

आता रोल महाग झालाय आणि धुवायलाही शहरात पाठवावा लागतो. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, महिन्याला तीनच फोटो काढायचे. कुणाचे ते सभेत ठरतं. सगळ्यात आधी गावातली वयस्कर माणसं.

दुसरा रोल नीट आला. त्यात आजींचं जातं आहे, दळायला त्यांच्या सूनबाई बसल्यात. फोटो चांगला आहे. आजी मात्र त्यात नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर दिवाळीची वाट बघू नका. कॅमेरा जुना असो की मोबाईल, या आठवड्यातच फोटो काढा. जुना असेल तर लिव्हर ओढताना डावीकडे बघायला विसरू नका. रोल फिरतोय ना?